हालापेन्यो: लेखन, उच्चार, अर्थ आणि उगम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पिझ्झा, सँडविच आणि नाचोजमुळे हा शब्द आपल्या तोंडी आला, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. मेनूकार्ड छापणारे, पाककृती लिहिणारे, अनुवादक आणि नुसतेच शब्दांचे शौकीन यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हालापेन्यो म्हणजे नेमकं काय? ती सिमला मिरचीच का?

नाही. हालापेन्यो ही मेक्सिकोतली तिखट मिरची आहे. साधारण बोटाएवढी लांब, जाडसर, टोकाला बोथट, गडद हिरवी. झाडावर राहू दिली तर लाल होते, पण बहुतेक वेळा हिरवी असतानाच तोडतात. तिचा गर मांसल असतो, त्यामुळे ती नुसत्या उन्हात नीट वाळत नाही. म्हणून ती ताजी खातात, शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) मुरवतात किंवा धुरावर सुकवतात (धुराबद्दल प्रश्न १४ पाहा). पिझ्झावर येणाऱ्या फिकट हिरव्या चकत्या शिरक्यात मुरवलेल्या असतात. त्यांचा आंबटपणा मिरचीचा नसून शिरक्याचा असतो.

सिमला मिरचीशी तिचं नातं आहे ते वनस्पतीच्या पातळीवर. दोघीही कॅप्सिकम ॲन्युम याच प्रजातीच्या. आपली ब्याडगी मिरचीही त्याच प्रजातीची.

२. हा शब्द स्पॅनिश आहे, की मेक्सिकोच्या मूळच्या भाषेतला?

दोन्ही, आणि त्याचे तुकडे स्वच्छ वेगळे करता येतात. मेक्सिकोच्या बेराक्रूस राज्याची राजधानी आहे हालापा. हे गावाचं नाव नाहुआत्ल भाषेतलं, म्हणजे आस्तेक (ॲझ्टेक) लोकांच्या भाषेतलं. त्याला स्पॅनिशने आपला 'एन्यो' हा प्रत्यय जोडला. 'एन्यो' म्हणजे 'अमुक गावचा'. माद्रिदचा तो मद्रिलेन्यो, लिमाचा तो लिमेन्यो, पनामाचा तो पानामेन्यो आणि हालापाचा तो हालापेन्यो.

मराठीत हे काम दोन प्रत्यय वाटून घेतात. माणूस पुणेकर, पण पगडी पुणेरी. माणूस कोल्हापूरकर, पण चप्पल कोल्हापुरी. स्पॅनिशमध्ये असा भेद नाही. हालापाचा रहिवासीही हालापेन्यो आणि तिथली मिरचीही हालापेन्यो. मिरचीचं पूर्ण नाव 'चिले हालापेन्यो', म्हणजे 'हालापाची मिरची'. पुढे 'चिले' गळालं आणि विशेषणच नाव होऊन बसलं. आपणही 'ब्याडगी द्या पावशेर' म्हणताना 'मिरची' गाळतो.

३. मराठीत कसं लिहायचं? जलापिनो, जॅलपेनो, हॅलपिनो, हलापेनो असं काहीही दिसतं.

'हालापेन्यो' लिहावं.

हे सगळे पर्याय एकाच वाटेने आलेत. शब्द रोमन लिपीत दिसतो, आपण तो इंग्रजीसारखा वाचतो आणि तो वाचलेला उच्चार देवनागरीत उतरवतो. जे दिसला की 'ज', ए दिसला की 'ॲ', ई दिसली की कधी 'ए' कधी 'इ'. खरं तर या शब्दाला इंग्रजीच्या दारातून आत यायची गरज नाही. स्पॅनिशमध्ये ए या अक्षराचा उच्चार प्रत्येक ठिकाणी 'आ', ई या अक्षराचा 'ए' आणि ओचा 'ओ' असाच होतो. हे तिन्ही स्वर मराठीत जसेच्या तसे आहेत. 'ह' आहे, 'न्य' आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला हा शब्द अवघड जातो, मराठी माणसाला जाण्याचं काही कारण नाही.

'हलापेन्यो' असा पहिला स्वर ऱ्हस्व लिहिलेला दिसला तर मी ती चूक मानत नाही, कारण स्पॅनिश 'आ' आपल्या 'आ'पेक्षा आखूड असतो. पण 'ह' मधल्या 'अ'चा रंग वेगळा आहे आणि मूळ शब्दात तो कुठेच नाही, म्हणून माझा कौल 'हा'ला.

४. पाकिटावर पहिलं अक्षर 'जे' आहे. मग 'ह' कुठून आला?

स्पॅनिशमध्ये जे या अक्षराचा उच्चार 'ज' होतच नाही. घशाच्या वरच्या भागातून हवा घासत बाहेर काढली की जो ध्वनी येतो तो त्याचा उच्चार. स्पेनच्या बऱ्याच भागात तो खरखरीत असतो, उर्दूतल्या 'खबर'च्या पहिल्या व्यंजनासारखा. मेक्सिकोत तो मवाळ आहे आणि बेराक्रूसच्या किनारी भागात तर जवळजवळ आपला 'ह'च. मिरची त्याच राज्यातली, तेव्हा 'ह' लिहिणं योग्यच. मराठी 'ख' मात्र लिहू नये. आपला 'ख' हवा अडवून सोडतो, तो घासत नाही.

इथे एक उलटा सापळा आहे. स्पॅनिशमध्ये एच हे अक्षर मुकं असतं. त्याचा फटका हाबानेरो या नावाला बसतो (प्रश्न १२).

५. 'एन' या अक्षरावर जी नागमोडी रेघ असते ती काय आहे? ती नसली तर चालतं का?

ते 'एन' नव्हेच. स्पॅनिश वर्णमालेत ते 'एन्ये' नावाचं स्वतंत्र अक्षर आहे आणि शब्दकोशात 'एन'नंतर त्याचा वेगळा विभाग असतो. मध्ययुगात हस्तलिखितं उतरवणारे लेखनिक जागा आणि श्रम वाचवायला जोडीने आलेल्या दोन 'एन'पैकी एक लिहीत आणि दुसरा बारीक करून त्याच्या डोक्यावर ठेवत. लॅटिनमधल्या वर्षवाचक 'आन्नुस' या शब्दातले दोन 'न' असेच एकावर एक चढले. स्पॅनिशमध्ये त्या जोडाक्षराचा उच्चार 'न्य' झाला आणि 'आन्यो' म्हणजे वर्ष असा शब्द तयार झाला. डोक्यावरचा बारीक 'एन' झिजत झिजत नागमोडी रेघ झाला.

स्पॅनिश लिहिताना ती रेघ गाळणं ही गंभीर चूक आहे. 'आन्यो'वरची रेघ काढली तर वर्षाऐवजी गुदद्वार असा अर्थ होतो. इंग्रजीत मात्र ही मिरची रेघेविना छापण्याची रूढी आहे आणि इंग्रजी कोश ते रूप मान्य करतात. त्यामुळे इंग्रजी मजकुरात रेघ नसली तर दोष देता येणार नाही. मराठीत प्रश्नच उरत नाही, 'न्य' लिहिलं की काम झालं.

६. 'न्यो'चा उच्चार कसा करायचा? 'पेन्-न्यो' असा जोर देऊन, की हलका?

हलका, आणि मराठीला हा फरक चांगला ठाऊक आहे. 'अन्याय' म्हणून पाहा. 'न्य'चा भार आधीच्या 'अ'वर पडतो आणि ऐकताना 'अन्न्याय' असं वाटतं. आता 'मन्या, इकडे ये' म्हणून पाहा. इथेही 'न्य'च आहे, पण 'म'वर काही भार येत नाही, जीभ टाळूला लागून सरळ निघते. हालापेन्योमधला 'न्य' हा मन्यामधला 'न्य' आहे.

र आणि य एकत्र आले की हाच फरक आपण लिहूनही दाखवतो. समुद्र म्हणजे 'दर्या' आणि डोंगरातल्या त्या 'दऱ्या'. 'न्य'साठी अशा दोन खुणा नाहीत, म्हणून कानावर भरवसा ठेवायचा.

७. मराठीत 'ञ' हे अक्षर आहे. मग 'हालापेञो' का लिहू नये?

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सूचना अगदी बरोबर आहे. जिभेचा मधला भाग टाळूला लावून केलेलं अनुनासिक म्हणजेच 'ञ' आणि एन्येचा ध्वनी तोच. पण मराठीत 'ञ' सुटा येत नाही. 'पञ्च'सारख्या शब्दातही आपण आता अनुस्वार देऊन 'पंच' लिहितो. वाचकाला सुटा 'ञो' दिसला तर तो थबकेल आणि मनातल्या मनात 'न्यो'च म्हणेल. कोशात उच्चार दाखवायचा असेल तर 'ञ' वापरावा, मेनूकार्डावर नको.

८. जोर कोणत्या अक्षरावर द्यायचा?

'पे'वर. हा-ला-पे-न्यो. स्वराने संपणाऱ्या स्पॅनिश शब्दांत जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, तो दुसरीकडे असेल तर स्वरावर तिरकी खूण देतात. इथे तशी खूण नाही.

९. नकाशात गावाचं नाव कधी जेने दिसतं, कधी एक्सने. खरं कोणतं?

दोन्ही खरी. आज अधिकृत नाव एक्सने लिहितात, पूर्ण नाव हालापा-एन्रीकेस. मिरची मात्र जेने लिहितात. गाव एका अक्षराने आणि त्याच गावाची मिरची दुसऱ्या अक्षराने, म्हणून घोळ होतो. यामागे तीन शतकांचा हिशेब आहे.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत पोचले तेव्हा त्यांच्या भाषेत एक्सचा उच्चार 'श' होता. नाहुआत्लमध्ये 'श' भरपूर. त्यामुळे पाद्र्यांनी ती भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली तेव्हा 'श'साठी एक्स वापरला. गावाचं मूळ नाव 'शालापान', ते एक्सने लिहिलं गेलं. देशाचं नाव 'मेशिको', तेही एक्सने. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत खुद्द स्पॅनिशमधला 'श' घशाकडे सरकत गेला आणि त्याचा आजचा घासता 'ह' झाला. शब्द तेच राहिले, उच्चार बदलला. १८१५ साली स्पेनच्या राजेशाही भाषा अकादमीने लेखन बदलत्या उच्चाराशी जुळवलं आणि या ध्वनीसाठी 'एक्स'ऐवजी 'जे' लिहायचं ठरवलं. सामान्य शब्द बदलले. पण मेक्सिकोने आपल्या देशाचं आणि अनेक गावांचं नाव जुन्याच एक्सने लिहिणं सोडलं नाही, आणि अकादमीनेही पुढे ते मान्य केलं.

जुन्या 'श'चा एक पुरावा बाटलीत बंद आहे. स्पेनमधल्या हेरेस गावची दारू इंग्रजांनी फार पूर्वी नेली, तेव्हा त्या गावाच्या नावाची सुरुवात 'श'ने होत होती. इंग्रजीत म्हणून ती 'शेरी' राहिली. गाव मात्र 'हेरेस' झालं.

१०. मग एक्स दिसला की प्रत्येक मेक्सिकन नावात 'ह' म्हणायचं का?

नाही, इथे जपून. मेक्सिको (तिथल्या लोकांच्या तोंडी मेहिको), वाहाका, हालापा यांत 'ह'. पण मेक्सिको सिटीतल्या कालव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या भागाचं नाव सोचिमिल्को, तिथे 'स'. काही नावांत जुना 'श' तसाच टिकला आहे. साध्या स्पॅनिश शब्दांत 'क्स'ही येतो. नियम सांगता येत नाही, प्रत्येक नाव वेगळं शिकावं लागतं.

११. गावाच्या नावाचा अर्थ काय? आणि मिरची तिथेच पिकते का?

'शाल्ली' म्हणजे वाळू, 'आत्ल' म्हणजे पाणी आणि 'पान' हा स्थळ दाखवणारा प्रत्यय. तिन्ही मिळून शालापान, म्हणजे वाळूतल्या पाण्याची जागा. आपल्याकडच्या कित्येक गावांची नावं अशीच पाणी आणि जमीन सांगणारी आहेत.

हालापा डोंगरउतारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटर उंचीवर, बेराक्रूस बंदर आणि मेक्सिको सिटी यांच्या वाटेवर. अठराव्या शतकात स्पेनहून आलेल्या जहाजांचा माल तिथल्या जत्रांमध्ये विकला जाई. अशा व्यापारी गावाचं नाव तिथून जाणाऱ्या मालाला चिकटतं. ही मिरची त्या परिसरातून बाजारात येई, तिथे शिरक्यात मुरवली जाई, म्हणून ती हालापाची. आज मेक्सिकोत तिची मोठी लागवड उत्तरेच्या चिवावा राज्यातही होते. नाव मात्र जुन्या बाजारपेठेचंच राहिलं. संकेश्वरी मिरचीलाही नाव मिळालं ते असंच एका गावाचं.

मेक्सिकोत सगळीकडे तिला हेच नाव आहे असंही नाही. काही भागांत ताज्या हिरव्या मिरचीला 'क्वारेस्मेन्यो' म्हणतात. ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस म्हणजे 'क्वारेस्मा', त्या दिवसांतली ती क्वारेस्मेन्यो. प्रत्यय तोच, पण या वेळी गावाऐवजी काळाला लागलेला.

१२. हाबानेरो मिरचीच्या नावातही 'न्यो' आहे का? काही ठिकाणी 'हाबान्येरो' वाचलं.

नाही, आणि ही चूक इंग्रजी मेनूकार्डांवर जगभर दिसते. हालापेन्योवर नागमोडी रेघ पाहून लोकांना वाटतं की मेक्सिकन मिरची म्हटली की रेघ हवीच, म्हणून ते जिथे नाही तिथेही ती देतात. शुद्ध लिहिण्याच्या काळजीतूनच झालेली ही चूक आहे.

हाबानेरो म्हणजे क्यूबाच्या राजधानीचा, 'ला हाबाना'चा. आपण त्या शहराला हवाना म्हणतो. त्या नावात साधा 'न' आहे आणि लागलेला प्रत्यय 'एरो' आहे, 'एन्यो' नव्हे. त्यामुळे 'न्य' यायला जागाच नाही.

आता उच्चार. प्रश्न ४ मध्ये म्हटल्याप्रमाणे स्पॅनिशमध्ये एच मुका, त्यामुळे स्पॅनिश तोंडी हे नाव 'आबानेरो' असं ऐकू येतं. म्हणजे जेने सुरू होणाऱ्या मिरचीत 'ह' ऐकू येतो आणि एचने सुरू होणाऱ्या मिरचीत येत नाही! मराठीत मी 'हाबानेरो' लिहितो, कारण हवाना हे शहराचं नाव 'ह'सकट रुळलं आहे आणि वाचकाला नातं ओळखू यावं. कोणी 'आबानेरो' लिहिलं तर तेही बरोबर. 'हाबान्येरो' मात्र कुठल्याच हिशेबाने बसत नाही.

मिरची म्हणूनही ती वेगळी आहे. तिची प्रजाती कॅप्सिकम चायनेन्स. १७७६ साली जाकीन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती चीनमधून आली असावी असं समजून हे नाव दिलं. ती मूळची अमेरिका खंडातली, पण नाव बदललं नाही.

१३. पोब्लानो, सेरानो ही नावंही गावांवरून आली का?

पोब्लानो हो. पुएब्ला शहराची ती पोब्लानो. सेरानो गावावरून नाही, 'सिएर्रा' म्हणजे डोंगररांग, त्यावरून. मराठीत 'डोंगरी' म्हणू. दोन्हींत 'आनो' हा तिसरा प्रत्यय आहे आणि दोन्हींत साधा 'न'.

१४. चिपोत्ले ही वेगळी मिरची आहे का?

वेगळी जात नाही. लाल होईपर्यंत पिकवलेली हालापेन्यो धुरावर सुकवली की ती चिपोत्ले. नाव पूर्ण नाहुआत्ल आहे: 'चील्ली' म्हणजे मिरची, 'पोक्त्ली' म्हणजे धूर. नुसती लाल, ताजी हालापेन्यो असेल तर तिला 'लाल हालापेन्यो'च म्हणावं.

लिहिताना 'चिपोटल', 'चिपोल्टे' अशी रूपं दिसतात. शेवटी 'त्ले' आहे, 'ल्टे' नाही.

१५. 'जुलाब' हा शब्द याच गावावरून आला असं वाचलं. खरं आहे?

खरं नाही, पण गैरसमज का होतो ते समजण्यासारखं आहे, कारण या गावाचा जुलाबाशी खरोखर संबंध आहे.

हालापाच्या परिसरातल्या डोंगरांत एक वेल उगवते, आयपोमिया पुर्गा. रताळ्याच्याच वंशातली. तिचं मूळ जबरदस्त रेचक आहे. सोळाव्या शतकापासून ते युरोपात जाऊ लागलं आणि गावाच्या नावावरून त्या औषधाला 'जॅलप' म्हणू लागले. नंतरची काही शतकं ते युरोपीय वैद्यकात नेहमीचं औषध होतं. आता एका बाजूला 'जॅलप' आणि दुसऱ्या बाजूला 'जुलाब', दोन्हींचा अर्थ पोट साफ करणारं औषध. दोन शब्द एकच असावेत असं कुणालाही वाटेल.

पण जुलाब पूर्वेकडून आला. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी, दोन्ही मिळून 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी. प्रमाण अरबीत 'ग' नाही, तिथे त्याचं 'जुलाब' झालं आणि अर्थ झाला गोड पाक. वैद्य त्या पाकातून औषधं देत. औषधाच्या पाकावरून औषधावर आणि मग विशेषतः रेचकावर अर्थ सरकत गेला. मराठीत तो रेचक या अर्थाने आला आणि आता आपण त्रासालाच जुलाब म्हणतो. अरबी वैद्यकात हा शब्द कोलंबसाने अमेरिका गाठण्याच्या कितीतरी आधीपासून होता, त्यामुळे तो मेक्सिकोतल्या गावावरून येणं शक्य नाही. आपल्या बागेतला गुलाब आणि हा जुलाब मात्र सख्खे.

१६. गुलबक्षीच्या शास्त्रीय नावात 'जलापा' का आहे?

कारण प्रश्न १५ मधलं तेच औषध. गुलबक्षीचं शास्त्रीय नाव मिराबिलिस जलापा, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये दिलेलं. जॅलप हे रेचक मूळ गुलबक्षीचं आहे असा त्या काळी समज होता. मूळ खरं दुसऱ्याच वेलीचं निघालं, पण शास्त्रीय नाव पक्कं झालं होतं. गुलबक्षीही मूळची अमेरिका खंडातलीच. म्हणजे कोकणात आणि देशावर ज्या अंगणांत संध्याकाळी गुलबक्षी फुलते, तिथे हालापाचं नाव पिझ्झाच्या खूप आधी पोचलं होतं. हा धागा मला या सगळ्या शब्दकथेत सर्वांत आवडतो.

१७. मिरची तर पोर्तुगीजांनी आणली. मग तेव्हा तिचं मेक्सिकन नाव का आलं नाही?

कारण आपल्याकडे तिखटासाठी आधीच एक नाव होतं. संस्कृत 'मरिच', मराठी 'मिरी'. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोवा आणि किनाऱ्यावर हे नवं तिखट फळ आलं तेव्हा लोकांनी त्याला मिऱ्याच्या नावावरून 'मिरची' म्हटलं. स्पॅनिश लोकांनीही तेच केलं होतं. त्यांच्याकडे मिरी म्हणजे 'पिमिएन्ता', त्यावरून मिरचीवर्गीय फळाला ते 'पिमिएन्तो' म्हणू लागले. पण मेक्सिकोत राहिलेल्या स्पॅनिशांनी स्थानिकांचा 'चील्ली' उचलला आणि त्याचा 'चिले' केला. तोच शब्द इंग्रजीतून फिरून आपल्याकडे 'चिली सॉस', 'चिली चिकन' यांत आला.

नाहुआत्लमधून आलेले आणखी शब्द आपण रोज वापरतो. टोमॅटो हा त्या भाषेतला 'तोमात्ल'. ॲव्होकॅडो हा 'आवाकात्ल'. आणि डहाणू-घोलवडचा चिकूही, स्पॅनिश 'चिकोसापोते'च्या मार्गाने.

१८. हालापेन्यो तो, ती की ते? अनेकवचन काय?

स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी, कारण 'चिले' पुल्लिंगी. मराठीत स्त्रीलिंगी वापरावं, कारण मनात 'मिरची' असते. शब्द 'ओ'ने संपतो म्हणून फोटो, रेडिओप्रमाणे 'तो' म्हणावं असं काही जण म्हणतात. पण आपण 'बोलेरो आली', 'नॅनो घेतली' म्हणतो, कारण मनात 'गाडी' असते. लिंग शेवटच्या स्वरापेक्षा वस्तूवरून ठरतं. म्हणून 'हालापेन्यो चिरली', 'लाल हालापेन्यो मिळाली'.

अनेकवचनात रूप बदलत नाही: 'चार हालापेन्यो चिरल्या'. 'हालापेन्योज' नको, स्पॅनिश किंवा इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय मराठीत ओढत आणायचं कारण नाही. विभक्ती सरळ लागते: हालापेन्योचा, हालापेन्योत, अनेकवचनी हालापेन्योंचा.

१९. 'हालापेन्यो मिरची' म्हणणं म्हणजे द्विरुक्ती नाही का?

नाही. प्रश्न २ मध्ये आलंच आहे की मूळ नाव 'चिले हालापेन्यो' असंच आहे. वाचकाला शब्द नवा असेल तिथे पहिल्यांदा 'हालापेन्यो मिरची' लिहावं, पुढे नुसतं 'हालापेन्यो'.

२०. वर्तमानपत्रं 'एल निनो' लिहितात. तिथेही 'न्यो' हवं होतं ना?

मूळ उच्चार 'एल निन्यो'च आहे, म्हणजे 'तो मुलगा'. पेरूच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास समुद्राचं पाणी गरम झालेलं जाणवे, म्हणून त्यांनी बाळ येशूचं नाव दिलं. 'ला निना' ही खरी 'ला निन्या', मुलगी. अक्षर तेच, प्रश्न ५ मधलं.

पण पावसाच्या बातम्यांतून 'एल निनो' घराघरांत पोचला आहे, शेतकऱ्यांच्या बोलण्यात रुळला आहे. रुळलेला शब्द उपटू नये. बटाटा, साबण, इस्पितळ यांचे मूळ उच्चार आपण शोधत बसत नाही. हालापेन्यो मात्र अजून रुळायचा आहे, दहा ठिकाणी दहा रूपं दिसतात. तोवर नीट लिहायची संधी आहे, म्हणून एवढा आग्रह.

२१. हॉटेलात 'हालापेन्यो' म्हटलं तर वेटरला कळत नाही. काय करावं?

त्याला कळेल तसं म्हणावं. बोलताना समोरच्याची अडचण करू नये आणि त्याची चूकही काढू नये. लेखनाची गोष्ट वेगळी, तिथे वाचकाला शब्द पहिल्यांदाच भेटत असतो.

२२. ही मिरची किती तिखट असते?

तिखटपणा मोजायची एक पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क गोड पाण्यात इतका पातळ करत न्यायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईल. त्या मापावर हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० आणि हाबानेरो १,००,००० ते ३,५०,०००. तिखटाचं मूळ बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटतात त्या गाभ्यात असतं, तो काढला की ती बरीच सौम्य होते.

२३. नागमोडी रेघेचं अक्षर रोमन लिपीत टाइप कसं करायचं?

फोनवर इंग्रजी कीबोर्डवरचं 'एन' दाबून धरलं की पर्याय येतो. विंडोजवर 'ऑल्ट' दाबून धरून अंकांच्या वेगळ्या पट्टीवर ०२४१ टाइप करावं. मॅकवर 'ऑप्शन' आणि 'एन' एकत्र, मग पुन्हा 'एन'.

२४. भारतात पिकलेल्या मिरचीला हालापेन्यो म्हणता येतं का?

येतं. हालापेन्यो हे आता जातीचं नाव आहे. बी हालापेन्योचं असेल तर ती भारतात पिकली काय किंवा मेक्सिकोत, नाव तेच. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरी मिरचीचं तसं नाही. तिला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे दुसरीकडच्या मिरचीला ते नाव लावून विकता येत नाही. मेक्सिकोत असं संरक्षण युकातानच्या हाबानेरोला आहे. तेव्हा बरणीवर 'हालापेन्यो' वाचून मिरची मेक्सिकोहून आली असं समजू नये. ती कुठली हे बरणीच्या मागे, मूळ देशाच्या ओळीत लिहिलेलं असतं.